पुस्तकातली आई

ग्रीसमधल्या व्होलोस बंदरामागच्या गल्लीत इवान्थियाची बेकरी होती. बासष्टाव्या वर्षी तिने ती विकली आणि घरात जीव रमेना म्हणून वाचनालयातल्या बायकांच्या मंडळात जाऊ लागली. तिथे त्या महिन्यात एक रहस्यकथा चालली होती. एक माणूस एकामागून एक मुली मारतो आणि प्रत्येकीचं प्रेत ग्रीक पुराणातल्या गोष्टीप्रमाणे मांडून ठेवतो. चौथीच्या तोंडात डाळिंबाचे दाणे सापडले.

“पर्सेफनी!” मंडळातल्या कल्लिरोईने टाळीच वाजवली. “म्हटलं नव्हतं मी, आता डाळिंब खाऊन पाताळात अडकलेल्या राणीची पाळी?”

इवान्थिया पानं मागेपुढे चाळत होती. “हिच्या आईचं काय झालं?”

“कुणाच्या?”

“ह्या पोरीच्या. आईने प्रेत ओळखलं, एवढी एकच ओळ आहे. पुढे?”

“अगं बाई, आईचं काय घेऊन बसलीस? खुनी शोधायचाय आपल्याला!”

सगळ्या हसल्या. मग कल्लिरोईला एकदम आठवलं आणि तिचा चेहरा उतरला. नऊ वर्षांपूर्वी इवान्थियाच्या जावयाने तिच्या लेकीला, दनाईला, मारून टाकलं होतं. शोधायचं काही नव्हतंच. त्यानेच पोलिसांना फोन केला आणि ते येईपर्यंत पायरीवर सिगारेट ओढत बसला.

“पर्सेफनीला पाताळात नेलं तेव्हा तिच्या आईने अख्ख्या जगाचं पीक थांबवलं,” इवान्थिया म्हणाली. “मी पोरीला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टी पेटवली. एक दिवस तरी बंद ठेवायची होती गं.”

कल्लिरोई खाली बघत म्हणाली, “मी होते त्या दिवशी रांगेत. पाव घेतला नि निघाले. काय बोलावं तेच सुचेना.”

“दनाई म्हणायचं होतंस. नुसतं नाव.”

इवान्थियाने कादंबरी शेवटपर्यंत वाचली. खुनी पकडला गेला. आई पुन्हा कुठे आलीच नाही. पुस्तक परत करून ती मंडळात यायची थांबली.

कल्लिरोई दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आली. दुसऱ्या खेपेला दार उघडलं. कॉफी झाली.

“दनाईबद्दल सांग ना,” कल्लिरोई म्हणाली.

इवान्थियाने बोलायला तोंड उघडलं. पण तिला नुसती ती पायरी आणि तो सिगारेट ओढणारा माणूस दिसत होता. त्याआधीची दनाईची सव्वीस वर्षं कुठून धरावीत, ते तिला सापडेना.