पडवीतली मिटिंग

पुण्यातली नोकरी गेली आणि मी कट्टा गावाजवळच्या आमच्या वाडीत, वडिलांच्या बंद घरात राहायला आले. भेटेल त्याला सांगितलं, "घरूनच काम करते, ऑफिसने परवानगी दिलीय." खरं तर कोणी फारसं विचारलंही नव्हतं. मीच आपली सांगत सुटले होते.

मग ते खोटं पोसणं आलं. रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा कुर्ता घालून मी पडवीत लॅपटॉप उघडून बसायची. कानाला हेडफोन. कोणी जाताना दिसलं की पडद्याकडे बघून गंभीरपणे मान डोलवायची, मध्येच "येस, येस" म्हणायची. शेजारची काकी पोरांना दटावायची, "आवाज करू नकात रे, ताईची मिटिंग आसा." माझ्या मिटिंगसाठी तिने कोंबड्यासुद्धा मागच्या परसात हाकलल्या. हे आठवलं की आजही कानशिलं तापतात.

एकदा वाऱ्याने खांब पडला आणि वाडीची वीज गेली, त्याबरोबर मोबाइलची रेंजही. तरी दुसऱ्या सकाळी मी पडवीत हजर, बंद पडलेल्या लॅपटॉपसमोर मान डोलवत. काकी फणसाची भाजी घेऊन आली. तिची नजर काळ्या पडद्यावर गेली. तिने वाटी हळूच ठेवली आणि जाताना पोरांना पुन्हा म्हणाली, "गप ऱ्हवा, मिटिंग चालू आसा." तिला काही कळलं नाही असं मी स्वतःला पटवलं. तेवढी अक्कल माझ्याकडे होती.

पुढे राखणदाराला, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाला, नारळ द्यायचा दिवस आला. वर्षातून एकदा सगळी वाडी देवाच्या पाषाणाशी जमते. घरटी नारळ ठेवला जातो, आणि सगळ्यांत म्हातारा गावकर एकेका घराची अडचण देवाला मोठ्याने सांगतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. माझी पाळी आली तेव्हा त्याने विचारलं, "बाय, देवाक काय सांगूचा?"

"काही नाही, सगळं छान आहे," मी म्हणाले. अगदी शुद्ध मराठीत, ऑफिसात हसायची तसं हसून.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, ह्या आमच्या चेडवाची पुण्याची नोकरी गेली हा."

"व्हय म्हाराजा," सगळी वाडी म्हणाली. काकीही. पोरंही.

"ता लाजेन कोणाक सांगणा नाय."

"व्हय म्हाराजा."

"तेका ह्या वाडीत एकटा पडूक देव नको."

"व्हय म्हाराजा."

कोणी दचकलं नाही, कोणी कुजबुजलं नाही. म्हणजे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मी लपत होते आणि ही माणसं माझं लपणं सांभाळून घेत होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. नोकरी गेल्याची लाज मी कधीच गिळली होती. यांना इतके दिवस भोळं समजत आले, त्याची लाज गिळवेना. आणि गावकर मला चेडू म्हणत होता. केसांना कलप लावणाऱ्या बाईला चेडू, घरची पोर.

तो नारळ हातात धरून थांबला होता. फोडत नव्हता.

"बाय, तुझो आवाज इलो नाय."

कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, तेवढी दया त्यांनी केली.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले, आणि माझा आवाज सगळ्यांसमोर फुटला.

त्याने नारळ फोडला, एक कवड माझ्या हातात दिली आणि पुढच्या घराच्या नारळाकडे वळला. त्या घरची म्हैस आटली होती. "बा देवा म्हाराजा," तो त्याच सुरात सांगू लागला, आणि नाक पुसत मी त्या म्हशीसाठी बाकीच्यांबरोबर व्हय म्हटलं.