काकूंचा निळा पेशंट

मालवणी काकूंना ओढ्याची नाडी कळायची. वाकायचं, मनगट पाण्यात बुडवायचं, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचं, "गार आहे. मंडळी घरीच असणार." मंडळी म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या लॅमिंग्टनच्या डोंगरावरचे निळे क्रेफिश. वीतभर, काटेरी, गोड्या पाण्यातले शेवंडच म्हणा. उंचावरच्या गार, सावलीतल्या ओढ्यांतच ते जगतात.

टूवूंबाच्या हॉस्पिटलात नर्सिंग करण्यात काकूंचा जन्म गेला. घरी कुर्ल्यांचं सार त्या झकास रांधत, पण इथे ओढ्यावर कुणी "रस्सा काय होईल!" म्हटलं, की डोळे वटारत, "तुझ्या तंगडीचो करूया?"

एकदा पावसानंतर काकूंबरोबर ओढ्यावरून परतताना मी मागे रेंगाळलो, तर एक क्रेफिश चक्क पायवाटेवर चालत होता. पाण्यातला जीव जमिनीवर! बिचारा चुकला, असं ठरवून मी त्याला आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घातलं. घरच्या टाकीत ठेवून सगळ्यांना दाखवणार होतो.

मी गाडी चालवत घाट उतरत होतो, तेव्हा मागच्या सीटखालून फुसफुस ऐकू आली. काकूंनी डबा उघडला.

"मेल्या, ह्यां काय केलंस?"

"काकू, तो हरवला होता."

"तो हरवलो नव्हतो! पावसात ते असेच फिरूक निघतत. गाडी फिरव."

एसी फुल, डब्यावर ओला नॅपकिन. खाली ऊन तापलेलं, त्यात त्याच्या नांग्या ढिल्या पडत चाललेल्या. "हा ओढा जवळ आहे, इथेच सोडू?" मी घाबरून विचारलं.

"तुला उचलून दुसऱ्याच्या घरात टाकलं तर? जिथून उचललास, तिथेच. नळाचं पाणीही नको, त्यात क्लोरीन असतं."

वर पोचून आम्ही पाऊण तास चाललो. काकू गुडघा धरून पुढे, डबा छातीशी.  मी मागे.

डोहाच्या कडेला त्यांनी त्याला पाण्यात ठेवलं. हालचाल नाही. एक मिनिट. दोन. काकूंनी बोट पुढे केलं. काहीच नाही. मग अचानक नांगी उठली आणि कचकन मिटली! बोटातून रक्त आलं. काकूंनी हात काढला नाही. त्यांचा चेहरा उजळला.

"पकड बरी आहे!"

मी सुटकेने हसलो.

"हसतोस काय? आता तुझं बोट घाल. खात्री करूया."

मी घातलं.

काकू आता पर्थला मुलीकडे असतात. माझ्या तर्जनीवर मात्र त्या नांगीचा एक पांढरा वण आहे. कोण चावलं असं कुणी विचारलं, की मी छाती फुगवून सांगतो, "काकू."