सगळ्यांनी हो म्हटल्यावर

जगातल्या यच्चयावत अर्धवट कामांचं प्रायश्चित्त घ्यायला देवाने एकच माणूस जन्माला घातला आणि तो नेमका माझ्या मावशीच्या पदरात टाकला. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, झाशीत नगरा भागात राहतात आणि शहराबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात संगणक विभागात काम करतात. बाकीचे लोक संध्याकाळी नोकरी कारखान्यात ठेवून घरी येतात. काका ती जेवणाच्या डब्याबरोबर घरी आणतात. त्यांचं काम थोडक्यात असं, की गोदामाचा संगणक झाशीत आणि मुख्य कचेरीचा संगणक दूरच्या शहरात. इथून एखादा सुटा भाग निघाला की इथल्या नोंदीतून तो कमी व्हायला हवा आणि तिथल्या नोंदीत चढायला हवा, आणि दोन्ही गोष्टी व्हायला हव्यात किंवा एकही होता कामा नये. इथून गेला आणि तिथे चढलाच नाही, तर तो भाग या भूतलावर कुठेच नाही! "मग तो असतो कुठे?" असं मी कॉलेजात असताना एकदा विचारलं होतं. काका अक्षरशः शहारले. म्हणाले, "असले विचार मनात आणू नयेत बाळ."

हे टाळायची जी युक्ती संगणकांना शिकवली होती, तीच काकांनी संसाराला लावली. आधी प्रत्येकाला विचारायचं, "तयार?" सगळे हो म्हणाले, की मगच काका "पक्कं" म्हणणार. एकाने जरी नाही म्हटलं, किंवा कुणी नुसता गप्प राहिला, तरी सगळं रद्द. आणि रद्द म्हणजे तुमच्याआमच्यासारखं "राहू दे आता" असं नव्हे. सगळं जिथल्या तिथे, पहिल्यासारखं. एकदा आम्ही सगळे जवळच्या ओरछ्याला देवळं बघायला निघालो होतो. रिक्षा कोपऱ्यापर्यंत गेली आणि मावशीला आठवलं की चष्मा घरीच राहिला. म्हणजे तिचं मघाचं "हो" खोटं ठरलं. काकांनी रिक्षा फिरवली, सगळ्यांना चपला काढून घरात बसवलं, बाहेरच्या साड्या बदलायला लावल्या आणि पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. "आणि या पुऱ्या?" मावशी कडाडली, "यांना आता न तळलेल्या कशा करू?" काकांनी दोन मिनिटं खरोखर विचार केला. मग म्हणाले, "म्हणूनच तळण्याआधी विचारत जा." ओरछा त्या दिवशी झालं नाही. पुऱ्या आम्ही ओसरीत बसून खाल्ल्या, आणि खरं सांगते, झकास झाल्या होत्या.

बडा बाजारात तर काकांना पाहून दुकानदार खुर्चीत मागे सरकून बसतात. मावशीला एक मोठं पातेलं हवं होतं आणि त्यावर नीट बसेल असं झाकण. पातेलं एका दुकानात आवडलं, झाकण समोरच्या दुकानात. झाकणाशिवाय पातेलं घ्यायचं नाही आणि पातेल्याशिवाय झाकण. काकांनी पातेलेवाल्याला बजावलं, "भैया, आप हाँ बोल दो, पर देना मत. मैं उनसे हाँ कहलवाकर आता हूँ." मग झाकणवाल्याकडे. तोवर पातेलेवाल्याकडे दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून पुन्हा धाव, पुन्हा "तुम्हारी हाँ अभी भी हाँ है ना?" चौथ्या फेरीला झाकणवाला गल्लीपलीकडे ओरडला, "दे दो भैया, बाबूजी को दोनों दे दो, पूरा बाजार रुका पड़ा है!" नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. पण पातेलं आणि झाकण एकाच क्षणी काकांच्या दोन हातांत आलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी लोकांच्या चेहऱ्यावर नातू झाल्यावरच पाहिलं आहे.

शिवाय त्यांची एक वही. काहीही करण्याआधी ते त्यात लिहायचं आणि झाल्यावर झालं म्हणून लिहायचं, हा नियम. म्हणजे वीज गेली, डुलकी लागली, पाहुणा टपकला, तरी आपण कुठवर आलो होतो ते कळतं. "दाढी करत आहे. दाढी झाली." यातली दुसरी ओळ एकदा राहून गेली, तर त्या दिवशी काकांनी दोनदा दाढी केली. मावशीने हनुवटीला हात लावून पाहायचा साधा उपाय सुचवला, तर म्हणाले, "हनुवटीचा भरवसा नसतो, नोंदीचा असतो."

या माणसाच्या घरी गेल्या वर्षी लग्न निघालं. मुक्ता त्यांची एकुलती एक मुलगी. झाशीतच वाढलेली, त्यामुळे तिचं मराठी निम्म्या वाटेवर हिंदीला जाऊन मिळतं. मुलगा नाशिकचा, हसतमुख, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. याद्या करायला नाशिकची मंडळी आली, आणि काकांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार सुरू झाला. सुपारी फोडायच्या आधी त्यांनी एकेकाला विचारलं. मुलगा तयार? हो. मुक्ता? हो. दोन्हीकडच्या आया? हो. गुरुजींचा मुहूर्त? हो. मॅरेज गार्डनवाल्याला, म्हणजे तिकडच्या कार्यालयवाल्याला फोन, हो. लक्ष्मी गेटजवळच्या हलवायाला फोन, तो आपल्या बुंदेली हेलात म्हणाला, "हओ बाबूजी." जो हो म्हणाला त्याने ती तारीख धरून ठेवायची, दुसऱ्या कुणाला शब्द द्यायचा नाही, हे काकांनी सगळ्यांना बजावलं. आता फक्त "पक्कं" म्हणायचं राहिलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काका पाणी प्यायले, घसा खाकरला आणि म्हणाले, "कळवतो."

सुपारी तशीच राहिली. पाहुणे परत गेले. एक दिवस झाला, आठ झाले. भिजत घोंगडं पडलं. मुलाला रजा टाकता येईना, गार्डनवाला दुसऱ्यांना परत पाठवून कंटाळला, हलवाई फोन करून करून रडकुंडीला आला, "बाबूजी, हम तो फँस गए. हाँ करो कि मना करो, कुछ तो करो." शेवटी मुलाच्या आईने मावशीला सरळ विचारलं, "तुमच्या यजमानांना आमच्यात काही खटकतंय का? रविवारपर्यंत कळवा. नाहीतर तुमचा नकार आहे असं आम्ही समजू." मावशी रडायला लागली, मुक्ता जेवेना, आणि मला निरोप आला की तुझं ऐकतात ते, तू ये.

मी गेले तेव्हा रविवारची दुपार होती आणि काका गच्चीवर वही घेऊन बसले होते. मी चांगलीच तापले होते. "काका, घोडं पेंड कुठे खातंय? मुलात काही खोट आहे का?"

"नाही ग. तीच तर पंचाईत आहे."

वहीच्या पानावर लिहिलं होतं, "मुक्ताचं लग्न. सगळे तयार." खाली कोरं. या सगळ्या पद्धतीतली एकच खोट काकांनीच मला पूर्वी सांगितली होती: सगळ्यांना विचारणारा जो मधला, तोच गप्प झाला, तर बाकीचे अडकतात. पुढेही जाता येत नाही, मागेही फिरता येत नाही. मी ती त्यांना ऐकवली. "माहीत आहे," ते म्हणाले. "पण एकदा पक्कं लिहिलं की परत नाही घेता येत. तो नियमच आहे." आणि मग अगदी हळू, "घरात मग आम्ही दोघंच."

मुक्ता कधी जिन्यात येऊन उभी राहिली ते आम्हांला कळलं नाही. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "बाबा, मला परत विचारा ना."

काकांनी विचारलं, "तयार?"

"नाही. त्या दिवशी पण नव्हते, झूठ बोलले. तुम्हाला आणि आईला सोडून जायला कोण तयार असतं? लडका अच्छा है, मला जायचं पण आहे. बस, तयार नाही."

उभ्या आयुष्यात काकांनी एका "नाही"वर ओरछे, बाजार, पिकनिका, जेवणावळी, सगळं रद्द केलं होतं. आणि दहा दिवस ज्याची मनोमन वाट पाहत होते, ते "नाही" आता त्यांच्या लेकीने आपण होऊन त्यांच्या हातावर ठेवलं होतं. कुणी त्यांना बोल लावला नसता. काका म्हणाले, "मीही तयार नाही." मग पेन उघडलं, त्या कोऱ्या जागेत "पक्कं" असं लिहिलं, आणि खाली जाऊन आधी नाशिकला आणि मग हलवायाला फोन केला.

लग्न छान झालं. मुक्ता नाशिकला रमली आहे. दर रविवारी तिचा फोन येतो. ती तिथल्या भाज्यांपासून सासूच्या गुडघ्यांपर्यंत सगळं सांगते, काका नुसते ऐकतात. मी काकांना आयुष्यभर हसत आले, आजही हसते, पण त्या गच्चीवरचं आठवलं की मला त्यांच्याइतकं धीराचं माणूस दुसरं दिसत नाही. गेल्या रविवारी मी तिथेच होते. मुक्ताचं बोलून झालं, तिने फोन ठेवला, तरी काका तो कानाला धरून तसेच बसले होते.