हळू भाषेची पोरगी

माझी पहिली सोयरीक मोडली ती एका कॉम्प्युटरच्या भाषेमुळं. हुंडा नाही, पत्रिका नाही. जावा!

जावा म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा. माझं पोट तिच्यावरच चालतं. आणि ती लई हळू चालते, हे आमच्या सिल्लोडच्या अख्ख्या गोतावळ्याला ठाऊक होतं, कारण तसं बबनमामांनी सांगितलं होतं.

मामांचा शहरात, गुलमंडीच्या बाजारात, कापडाच्या दुकानावर कॉम्प्युटर क्लास होता. आमच्या खानदानात कॉम्प्युटरला हात लावणारे ते पहिले (मीही त्यांच्याकडंच शिकले). जावा नवी आली तेव्हा त्यांनी ती आपल्या जुन्या मशीनवर चालवून पाहिली. प्रोग्राम सुरू करायचा, जिना उतरून चहा प्यायचा, परत वर यावं तर पडदा कोराच. तेव्हा ते खरंच होतं. पुढं मशीनं बदलली, भाषा सुधारली, बँकांचे व्यवहार तिच्यावर धावायला लागले. मामांचं मत मात्र चहाच्या टपरीवरच बसून राहिलं.

कुठल्याही लग्नाकार्यात ते मला बाजूला घेऊन, घरात कुणी अंथरुणाला खिळलंय अशा आवाजात विचारायचे, "काय गं, सुधारली का जरा?" मी वेग मोजून दाखवायचे. ते मायेनं मान हलवायचे. पोरगी दुखणं लपवतीय, असं त्यांना वाटायचं.

मग चितेगावचं स्थळ आलं. मुलगा तिथल्याच कारखान्यात नोकरीला. मध्यस्थ अर्थातच मामा. माझं कौतुक करता करता त्यांना एकदम खरं बोलायची उबळ आली.

"पोरगी लई हुशार हाय," ते म्हणाले, "फक्त तिची भाषा जरा हळू हाय. मी आधीच सांगितलं व्हतं. पण आता काय."

मुलाच्या आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या माझ्याशेजारी सरकल्या आणि एकेक शब्द सुटा करत मोठ्यांदा म्हणाल्या, "बाळा, तुझं... नाव... काय?"

मला हसू आवरेना. ते दाबायला गेले तर तोंडातून नुसतं "म्... म्..." निघालं. झालं! पोहे निम्मे तसेच राहिले. निघताना त्या माझ्या आईला एका डॉक्टरचा पत्ता देऊन गेल्या.

मामांना हे फार लागलं. आमच्याकडं यायला ते कचरायला लागले. आले तरी दारातूनच परतायचे. मत मात्र बदललं नाही.

पुढं त्यांना पक्षाघात झाला. वाचा गेली. स्वतःच्या मुलाला, संदीपलाही ते ओळखत नाहीत, असं मामी फोनवर सांगायच्या. मी भेटायला गेले तेव्हा मामा खाटेवर बसून भिंतीकडं बघत होते. कोण आलंय बघा, असं मामींनी दोनदा सांगितलं, तेव्हा कुठं मान वळली. बराच वेळ ते माझ्याकडं बघत राहिले. ओठ हलले, पण शब्द जुळायला वेळ लागला.

"जावा," ते म्हणाले. आणि मग, "हळू."

मामी तोंडाला पदर लावून आत गेल्या. दुखण्यानंतर मामांनी पहिल्यांदाच कुणाला तरी ओळखलं होतं. मी मामांचा हात हातात घेतला.

"व्हय मामा, लई हळू. तुमचंच खरं."

त्यांचा अर्धा चेहरा हसला.

दिवाळीआधी मामा गेले. तेराव्याला पंगतीत संदीप माझ्याशेजारी बसला. तोही आता याच धंद्यात आहे. माझं मन रमवावं म्हणून असेल, पण म्हणाला, "ताई, बाबा उगाच म्हणायचे. जावा आता लई फास्ट हाय. मी सोता बघितलंय."

घरातल्या कुणी तरी हे म्हणावं म्हणून मी वर्षानुवर्षं झुरले होते. आणि मी त्याच्यावरच तुटून पडले. तुला काय कळतंय म्हटलं, जावा हळूच आहे, मामांनी सगळ्यांच्या आधी चालवून पाहिली होती. आवाज इतका चढला की वाढपी बुंदीचं भांडं घेऊन तसाच थांबला. शेवटी मामींनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. तिथं मी बराच वेळ रडले.

संदीपची समजूत नंतर काढली. त्याला फक्त एवढं बजावलं की, हे आमच्या साहेबांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. कंपनीत नव्या पोरांना जावा मीच शिकवते.