मोतिया की हस्तिदंती

रणगाड्याला आतून रंग असतो, हे सरांनी सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं. बाहेरून तो राखाडी किंवा मातकट पिवळा असतो, एवढं चित्रांत पाहिलं होतं.

सरांनी मला कॉलेजात इतिहास शिकवला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी मी शिक्षण सोडायला निघाले, तेव्हा सर आमच्या गावी, कन्हानला येऊन माझ्या वडिलांजवळ बसले होते, म्हणून आज मी पदवीधर आहे. आता सर निवृत्त आहेत आणि प्लास्टिकचे छोटे रणगाडे जोडतात. मी वाडीला एका गोदामाच्या ऑफिसात काम करते आणि रविवारी त्यांच्याकडे जाते. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं. त्या रविवारी मागितलं. दुसऱ्या महायुद्धातला एक जर्मन रणगाडा अर्धा जोडून झाला होता, त्याचा आतला रंग तू दे म्हणाले. त्यांचा चष्मा जुना झाला होता आणि बारीक काम होत नव्हतं.

मी हो म्हटलं आणि लगेच घाबरले. रंग वाळला की सर टरेट, म्हणजे वरचा फिरणारा भाग, कायमचा चिकटवणार होते. आत चुकलं तर चुकलंच. मग आत पाहणार तरी कोण, असं मी विचारलं.

"मला माहीत असेल ना," सर म्हणाले.

त्यांनी समजावून सांगितलं. खालचा भाग गेरूसारखा तांबडा, कारण तो गंज धरू न देणारा प्रायमर. वर हस्तिदंती, म्हणजे आतल्या अंधारात जरा उजेड पसरतो. झाकणांची आतली बाजू मात्र बाहेरच्याच रंगाची, नाहीतर झाकण उघडलं की फिका रंग दुरून शत्रूच्या नजरेत यायचा. खाली गेरू, वर फिका रंग. आमची कन्हानची शाळा अगदी अशीच होती! तिथे गेरू होता तो मुलं भिंतीला पाय लावून उभी राहायची म्हणून. लढाईची गाडी आणि आमचा वर्ग आतून एकसारखे कसे, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

हस्तिदंती रंगाची बाटली सुकून गेली होती, म्हणून रंग घरीच मिसळायचा होता. सरांकडे रंगाचा नमुना असलेलं कार्ड होतं. मी त्याच्याशी जुळवून उजवी भिंत रंगवली. सर म्हणाले, पिवळी झाली, अजून पांढरा घाल. घातला. अजून घाल. डावी भिंत चुन्यासारखी दिसायला लागली तेव्हा कुठे ते खूश झाले. मी कार्ड पुढे केलं, तर म्हणाले की ते कार्डसुद्धा जुनं होऊन पिवळं पडलंय. मला तर कार्ड ठीक दिसत होतं. पण सरांपुढे माझ्या डोळ्यांवर मी कसा भरवसा ठेवणार?

मी हात धुवायला स्वयंपाकघरात गेले. सरांच्या पत्नी, काकू, चहा गाळत होत्या. हळूच म्हणाल्या, "मोतिया आहे वं तो. मी केव्हाची सांगून राहिली, हे मानूनच नाही राहिले. तूच सांग त्याईले, तुझं ऐकतात."

मला एकदम हायसं वाटलं. हस्तिदंत मी कधी पाहिला नव्हता, पण मोतिया रंग ठाऊक होता. आईची एक साडी त्या फिक्या पिवळसर रंगाची होती. म्हणजे माझी उजवी भिंतच बरोबर.

बाहेर येऊन मी म्हटलं, "सर, काकूंचं बरोबर आहे. मोतियाच आहे तो."

सरांनी कार्ड खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुलाही दिसला?"

"स्पष्ट दिसतो सर."

"काढावा लागेल?"

मला वाटलं, डाव्या भिंतीवरचा पांढरा. "काढायलाच हवा. थिनरनं लगेच निघेल."

"थिनरनं?"

दारात काकूंच्या हातातला ट्रे हसण्यानं हलायला लागला. "अवं, डोयातला मोतिया, मोतीबिंदू म्हणून राहिली मी."

मला कुठे तोंड लपवावं ते कळेना. सर हसले नाहीत. खिडकीपाशी जाऊन त्यांनी कार्ड आपल्या सदऱ्याच्या बाहीला लावलं आणि मला विचारलं, "हा सदरा कोणत्या रंगाचा आहे?"

"पांढरा, सर."

"मला पिवळा दिसतो," म्हणत त्यांनी बाही पुन्हा पुन्हा पाहिली. मग काकूंना म्हणाले, डॉक्टरांना फोन कर.

एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी भेटायला गेले, तेव्हा सर काळा चष्मा काढून रणगाड्यात डोकावत होते. एकदा हा डोळा मिटायचे, एकदा तो. म्हणाले, नव्या डोळ्यानं उजवी भिंत बरोबर दिसते, जुन्यानं डावी. खरा कोणता, मी विचारलं. ते म्हणाले, नवाच खरा असणार, पण इतकी वर्षं जुन्याचंच ऐकलंय. कपाटातल्या आधीच्या रणगाड्यांकडे त्यांनी पाहिलं. ते सगळे चिकटवलेले होते.

हा मात्र त्यांनी चिकटवला नाही. दुसरा डोळा होऊ दे म्हणाले. मग त्यांनी टरेट उचलून रणगाडा माझ्यापुढे धरला आणि मीही आत डोकावून एकेक डोळा मिटून पाहिला. मला दोन्ही डोळ्यांनी सारखंच दिसलं, तरी मी पुन्हा पाहिलं.