फुकटचा पडदा

लहान मुलांसाठी खाऊचा डबा विकायचा, तर त्या चित्रात अर्धी उघडी बाई कशाला लागते? हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? देवकीताईंना पडला, आणि मरेपर्यंत त्याने त्यांची पाठ सोडली नाही.

देवकीताई तलासरीकडच्या आमच्या पाड्यावर अंगणवाडी चालवायच्या. कोसबाडला बालशिक्षण शिकलेल्या, घर सरावली गावात. कोणतंही चित्र भिंतीवर लावण्याआधी त्या उकिडव्या बसून, मुलाच्या उंचीवरून ते बघायच्या. "मला काय दिसतं ते सोड, बाय. त्यांना काय दिसतं?" मीही त्यांच्याच हाताखाली पहिलं चित्र ओळखलं.

हायवेवरच्या बर्गरवाल्याने एकदा जुना फ्लेक्स अंगणवाडीला दिला. ओटीवर पाऊस आत यायचा, म्हणून सरपंचांनी तो पडद्यासारखा बांधला. पाड्यावर निम्म्या घरांना असेच फ्लेक्स असतात, कुणी चित्राकडे बघत नाही. या फ्लेक्सवर मुलांचा डबा होता, त्यात खेळण्यातली गाडी, वर 'खेळणं मोफत' असं लिहिलेलं, आणि शेजारी तोकड्या कपड्यांत वाकलेली, ओठांत बर्गर धरलेली बाई.

शाळेतल्या पोरांनी अक्षरं वाचून दाखवली, तेव्हा चार वर्षांच्या जमनीने विचारलं, "ताई, गाडी फुकट. ही बाय पन मिलते का?"

ताई लगेच उठल्या. मग फ्लेक्स उलटा करून बांधला. आता पोरांसमोर पांढरी पाठ आली आणि चित्र रस्त्याकडे गेलं. रस्त्यावर टोळकं थांबू लागलं. "ताई, अंगणवाडीत भरती चालू हाय का? आमी पन येतो!" पोरांना घेऊन आयाबाया खाली मान घालून आत यायच्या. ताईंनी फ्लेक्स पुन्हा सुलटा केला.

मग त्यांनी आपल्याकडे लग्नाआधी भिंत सारवतात तसं केलं. पाड्यावरच्या बायका बोलावल्या, शेण आणि गेरू कालवून ती बाई सारवून टाकली, वर तांदळाच्या पिठाने नाचणारी माणसं काढली. दुपारपर्यंत सुंदर दिसलं. पण कुडाची भिंत सारवण धरून ठेवते, प्लॅस्टिक धरत नाही. संध्याकाळी पोपडे पडले आणि बाई परत हसू लागली. ताईंनी तीनदा सारवलं. तीनदा ती परत आली.

शेवटी त्यांनी फ्लेक्स सोडून टाकला. त्याच आठवड्यात पोरं भिजली, दोघांना ताप आला, आणि आईबापच भांडायला आले. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "ताई, किती ताणता? एवढ्याशा पोरांना काय कळतंय?"

"कळत नाही, तर जाहिरात त्यांच्यासाठी कशाला काढली?"

फ्लेक्स परत बांधला गेला.

मी चिडून त्या जाहिरातीविरुद्ध पत्रक लिहिलं, छापलं, डहाणू रोड स्टेशनबाहेर वाटलं. चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली मी, मला वाटलं आता लोक पेटतील. ताईंनी ते दोनदा वाचलं. "चांगलं लिहिलंस, बाय. पण माझ्या पोरांना वाचता येत नाही. ती बाई मात्र त्यांना रोज वाचता येते."

त्यानंतर एका सकाळी जमनी ओटीवर वाकून उभी होती, ओठांत भाकरीचा तुकडा, एक हात कमरेवर.

"काय करतेस गं?"

"भाकरी इकते."

ताईंनी तिला उचलून कडेवर घेतलं. दिवसभर खाली ठेवलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. फ्लेक्स अजून आहे. बर्गर उन्हाने विटलाय, बाई अजून ओळखू येते. जमनी आता शाळेत जाते. तसं उभं राहायचं ती विसरली असेल, असं मी स्वतःला सांगते. पटत नाही.

पत्रकाने काही होत नाही हे मला कळलंय, म्हणून एवढंच मागते. पुढच्या वेळी मुलांना घेऊन अशा दुकानात जाल, तेव्हा डबा मागण्याआधी ते चित्र उकिडवं बसून बघा. मग उठा, आणि काउंटरवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जमनीचा प्रश्न विचारा.