गरज आणि उपयोग

यमुना गेल्याची चिठ्ठी मुठ्याच्या एस.टी.च्या कंडक्टरने वर्तमानपत्राच्या कचेरीत आणून दिली, तेव्हा मी इंग्रजी तारांचे मराठी करत होतो. चिठ्ठीत दोन ओळी होत्या. यमुना माझी आतेबहीण, वय बावीस. तिच्या पोटातली गाठ कर्करोगाची आहे हे मला चार महिने ठाऊक होते. तरीही चिठ्ठी मी तीनदा वाचली... मग हातातली तार पुरी केली, कारण दुसरे काय करायचे ते सुचेना.

लग्नानंतर सात महिन्यांत ती उरवड्याहून माहेरी मुठ्याला आली, ती दुखणे घेऊनच. मुंबईच्या इस्पितळात गाठ जाळायला विजेचे शेक झाले. आमच्याकडे रोग्याला रोगाचे नाव सांगत नाहीत. तिच्यासमोर सगळे 'गाठ' म्हणत, आणि तीही तेच म्हणे. जूनमध्ये मुंबईच्या डॉक्टरांचे इंग्रजी पत्र आले. ते वाचायला आत्याने मला बोलावून घेतले. ओसरीवर घोंगडी अंथरली होती. तिच्यावर यमुनेचे वडील, सासरे आणि भावकीतले दोघे बसले होते. यमुना आत, दाराआड होती.

पत्रात लिहिले होते की यापुढे उपचारांचा उपयोग नाही. मी 'यापुढे' इथवर आलो, थांबलो, आणि 'उपचारांची गरज नाही' असे वाचले. इंग्रजीचे मराठी करणे हे माझे रोजचे काम आहे. तेव्हा ही चूक नव्हती. आत्याने देवापुढे साखर ठेवली. सासरे म्हणाले, लावणी तोंडावर आली आहे, सोमवारी सुनेला पाठवा. वडिलांनी मान डोलावली.

तेवढ्यात यमुना भिंतीला धरून बाहेर आली आणि पुरुषांच्या घोंगडीवर, सासऱ्यांसमोर बसली. आमच्या घरात असे मी कधी पाहिले नव्हते.

"दादा, गरज न्हाई का उपेग न्हाई?"

मी पत्राची घडी घालू लागलो.

"पेपरातबी असंच छापता व्हय तुमी?" ती चक्क हसत होती. "मधीच थांबलास तू. नीट वाच."

मी नीट वाचले. पुढचे वाक्यही वाचले : दुखणे थांबवण्यापुरते औषध द्यावे. आत्याने साखरेची वाटी उचलून आत नेली. सुनेने सासरीच डोळे मिटावेत ही आपली रीत, माहेरी काही झाले तर लोक आम्हाला नावे ठेवतील, असे सासरे म्हणाले. ते कठोर गृहस्थ नव्हते.

"घर तुमचं चांगलं हाय, मामंजी," यमुना म्हणाली. "पर तितं कण्हायला लाज वाटंल. हितं आईपाशी मोकळं कण्हता येतं."

मुंबई नको, सासर नको, पौडच्या डॉक्टरांचे इंजेक्शन तेवढे हवे... एवढेच तिने मागितले. बैठकीने ते मान्य केले. तिच्या लग्नाची बैठकही याच ओसरीवर झाली होती. तेव्हा तिला कोणी विचारले नव्हते. पाच आठवड्यांनी ती गेली. शेवटचे चार दिवस नवरा तिच्याजवळ होता. सासऱ्यांनीच त्याला लावणी सोडून पाठवले होते.

गेल्या आठवड्यात मुठ्याला गेलो. जावयाचे पोस्टकार्ड आले होते. आत्याला वाचता येत नाही. तिने कार्ड माझ्या हातात दिले आणि पदराला हात पुसून समोर बसली. क्षेमकुशलाच्या चार ओळी होत्या, लपवण्यासारखे काहीच नव्हते. मी वाचत होतो तेव्हा ती कार्डाकडे पाहत नव्हती, माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी श्वास घ्यायला थांबलो...

"काय गाळलंस?" आत्याने विचारले.